ग्रुप प्रोजेक्ट पहिल्यांदाच करताय? काम वाटण्याआधी जोडारी नेमा

आमचा पहिला ग्रुप प्रोजेक्ट पाण्याच्या तपासणीवर होता. पाच जण होतो. कामं पहिल्याच दिवशी दहा मिनिटांत वाटून झाली: एकाकडे प्रस्तावना, एकीकडे पद्धत, एकाकडे निरीक्षणं, एकीकडे निष्कर्ष आणि उरलेल्याकडे, म्हणजे माझ्याकडे, 'सगळं एकत्र करून प्रिंट काढणं'. प्रत्येकाने आपापला भाग मन लावून लिहिला. आदल्या रात्री मी ते तुकडे एकाखाली एक चिकटवले, अक्षरांचा आकार सारखा केला आणि झोपलो. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी एकच प्रश्न विचारला. "चौथ्या पानावर नमुने १२ आहेत, अकराव्या पानावर १५. नक्की किती घेतलेत?" आम्ही पाचही जण एकमेकांकडे बघत राहिलो.

उत्तर साधं होतं. तीन नमुने नंतर वाढवले होते आणि पद्धत लिहिणारीला ते कुणी सांगितलंच नव्हतं. आमच्यात कामचुकार कुणी नव्हतं, भांडणही झालेलं नव्हतं. तुकडे सगळे चांगले होते. दोन तुकड्यांमधला सांधा मात्र कुणाच्याच ताब्यात नव्हता.

नंतर इतरांचे प्रकल्प तपासायची वेळ आली तेव्हा हेच पुन्हा पुन्हा दिसलं. ग्रुप प्रोजेक्ट बिघडला की आपण एखाद्या आळशी मेंबरवर खापर फोडतो, आणि कधीकधी ते खरंही असतं. पण बहुतेक वेळा गाडं अडतं ते कामाच्या वाटणीत नाही, जोडणीत. म्हणून इथे वाटणीपेक्षा जोडणीवर, आणि ती सांभाळणाऱ्या माणसावर म्हणजे जोडारीवर, जास्त लिहिलं आहे.

१. काय मागितलंय ते एकत्र बसून वाचा

हे सांगायची गरज पडू नये, पण पडते. प्रकल्पाची सूचना एक जण वाचतो आणि बाकीच्यांना तोंडी सांगतो. तिथेच पहिली गळती होते. सूचनेचा कागद सगळ्यांसमोर ठेवा आणि एकाने मोठ्याने वाचा. शब्दमर्यादा, मुदत, संदर्भ कसे द्यायचे, सादरीकरण किती मिनिटांचं, गुण कशाला किती. गुणांचा तक्ता दिला असेल तर तो सोन्यासारखा आहे. विश्लेषणाला ४० गुण आणि माहिती गोळा करण्याला १० असतील, तर तीन आठवडे माहिती गोळा करण्यात घालवणं हा शुद्ध वेडेपणा. शंका उरली तर सरांना किंवा मॅडमना त्याच दिवशी विचारा. 'आम्हाला वाटलं की…' हे वाक्य शेवटच्या आठवड्यात फार महाग पडतं.

२. गट किती जणांचा असावा

निवड तुमच्या हातात असेल तर तीन ते पाच. त्याहून मोठा गट सोयीचा वाटतो, कारण काम कमी वाट्याला येईल असं वाटतं. पण माणसं वाढली की एकमेकांशी बोलायच्या जोड्या त्याहून वेगाने वाढतात. चार जणांत सहा जोड्या होतात, आठ जणांत २८. म्हणजे कुणीतरी कुणालातरी सांगायचं राहून गेलं, असं व्हायच्या २८ जागा.

दुसरंही एक कारण आहे. मॅक्स रिंगलमान या फ्रेंच कृषी अभियंत्याने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी माणसांना दोर ओढायला लावून जोर मोजला होता. निष्कर्ष १९१३ साली प्रसिद्ध झाले. आठ जण एकत्र ओढू लागले की माणशी जोर एकट्याने ओढताना लागतो त्याच्या निम्म्यावर येतो, असं त्याला दिसलं. यातला काही भाग ताळमेळाचा आहे: सगळे एकाच क्षणी, एकाच दिशेने ओढत नाहीत. पण सगळा दोष ताळमेळाचा नाही. १९७९ साली बिब लाताने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांच्या डोळ्यांवर पट्टी बांधली, कानांवर हेडफोन चढवले आणि शक्य तितक्या जोरात ओरडायला सांगितलं. प्रत्यक्षात माणूस एकटाच ओरडत होता, फक्त त्याला सांगितलं होतं की सोबत आणखी पाच जण ओरडताहेत. आवाज एकट्याच्या ताकदीच्या ७४ टक्क्यांवर आला. इथे ताळमेळाचा प्रश्नच नव्हता. आपला आवाज गर्दीत मिसळणार आहे, एवढी समजूत पुरली.

माझ्या मते ग्रुप प्रोजेक्टसाठी खरी कामाची गोष्ट याच्या पुढची आहे. दोन वर्षांनी त्याच मंडळींनी दाखवलं की प्रत्येकाचा आवाज वेगळा मोजला जातोय हे माहीत असलं की ही ढिलाई जवळपास नाहीशी होते. तेव्हा समोरचा मेंबर आळशी आहे की नाही यावर डोकं शिणवण्याआधी बघा, की त्याने काम केलं किंवा नाही केलं हे कुणाला दिसतंय का?

जवळच्या मित्रांचा गट करावा का, हा प्रश्न नेहमी येतो. करा, पण एक लक्षात ठेवा. मित्राचं लिखाण कच्चं आहे हे मित्राला सांगायला जीभ रेटत नाही, आणि भीड भिकेची बहीण. अनोळखी लोकांच्या गटात ही अडचण कमी असते, ओळख व्हायला मात्र आठवडा जातो.

३. पहिली बैठक: विषयाआधी माणसं

पहिल्या भेटीत थेट टॉपिकवर उडी मारू नका. प्रत्येकाने तीन गोष्टी खरंखुरं सांगायच्या. या विषयात मला किती गुण हवेत? येत्या काही आठवड्यांत माझ्यामागे आणखी काय आहे (दुसरी परीक्षा, नोकरी, घरची जबाबदारी)? मला काय जमतं आणि काय अजिबात जमत नाही?

पहिला प्रश्न अवघडल्यासारखा वाटतो, पण सगळ्यात उपयोगाचा तोच. एकाला पैकीच्या पैकी हवेत आणि दुसऱ्याला पास झालं तरी पुरे, हे दुसऱ्या दिवशी कळलं तर मार्ग निघतो. शेवटच्या रात्री कळलं तर भांडण होतं. पास होण्यापुरतं काम करू इच्छिणारा माणूस वाईट नसतो. त्याला लहान, स्वच्छ, लवकर संपणारं काम द्या, तो ते करून देईल.

मग एका पानावर गटाचे नियम लिहा. फार कायदेशीर करू नका. आमच्या एका गटाचं पान असं होतं:

- ग्रुपवरच्या निरोपाला २४ तासांत उत्तर. 'बघितलं' एवढं लिहिलं तरी चालेल.
- काम वेळेत होणार नसेल तर मुदतीच्या दोन दिवस आधी सांगायचं. आधी सांगितलं तर कुणी रागवायचं नाही. नंतर सांगितलं तर रागवायची मुभा आहे.
- मतभेद झाला तर १५ मिनिटं बोलायचं, मग ज्याच्याकडे तो भाग आहे त्याचा शब्द शेवटचा.
- ठरलेलं सगळं एकाच फाइलमध्ये. चॅटमध्ये ठरलेलं ठरलं असं धरायचं नाही.

तिसरा नियम नसेल तर एखादा निर्णय आठवडाभर भिजत घोंगड्यासारखा पडून राहतो. चौथा नसेल तर काखेत कळसा आणि गावाला वळसा: पाहिजे ती लिंक ग्रुपवरच असते आणि चौघं चारशे निरोपांमध्ये ती शोधत बसतात.

४. वाटणी कशी करायची, आणि जोडारी कोण

'तू पहिलं प्रकरण, मी दुसरं' ही वाटणी सगळ्यात सोपी, म्हणून सगळे तीच करतात. तिचा तोटा असा की प्रत्येकाला फक्त आपलं प्रकरण माहीत होतं. निष्कर्ष लिहिणाऱ्याने निरीक्षणं घेतलेलीच नसतात, मग तो 'यावरून असे दिसून येते की' लिहून काहीतरी गोलमाल करतो.

त्याऐवजी प्रत्येक भागाला दोन नावं द्या: एक लिहिणारा, एक वाचणारा. वाचणाऱ्याचं काम शुद्धलेखन तपासणं नाही. हा भाग मला परीक्षेत विचारला तर मी उत्तर देऊ शकेन का, हे त्याने बघायचं. वाचणारा शक्यतो शेजारच्या भागाचा लेखक असावा. पद्धत लिहिणारीने निरीक्षणं वाचायची, निरीक्षणं लिहिणाऱ्याने निष्कर्ष. आमच्या त्या १२ आणि १५ नमुन्यांची भानगड एवढ्याने टळली असती.

कामांचा एक साधा तक्ता करा आणि सगळ्यांना दिसेल असा ठेवा. त्यात चार रकाने पुरतात: काम, नाव, तारीख आणि 'झालं म्हणजे काय'. चौथा रकाना बहुतेक गट गाळतात, आणि वाद तिथेच होतात. 'सर्व्हे करणे' हे काम झालं की नाही हे कसं ठरवणार? '३० जणांची उत्तरं भरून झाली, कोऱ्या जागा तपासल्या, फाइल फोल्डरमध्ये टाकली' असं लिहिलं की वादाला जागा राहत नाही. एका कामापुढे एकच नाव हवं. 'आपण सगळे' असं लिहिलेलं काम कुणाचंच नसतं.

आता जोडारी. कारखान्यात सुटे भाग जुळवून यंत्र उभं करणारा तो जोडारी. गटात हे पद पहिल्या दिवसापासून भरा. जोडारी म्हणजे लीडर नव्हे आणि शेवटच्या रात्री कॉपी-पेस्ट करणारा हमालही नव्हे. त्याच्याकडे लिखाणाचा सगळ्यात लहान भाग द्यायचा, आणि त्या बदल्यात त्याने दर आठवड्याला सगळे भाग सलग वाचायचे. आकडे जुळतात का, एकच गोष्ट दोन ठिकाणी आली का, एका भागात दिलेलं वचन दुसऱ्यात पाळलंय का. हे काम डोळ्यांत भरत नाही, पण सगळ्यात जड आहे. म्हणून तक्त्यात त्याचे तास धरा.

लीडर हवाच का? चार जणांत नसला तरी चालतं. बैठक बोलावणारा आणि मुदतीची आठवण करणारा एक जण मात्र हवा. ते काम दर पंधरवड्याला फिरवलं तर कुणी 'बॉस' होत नाही.

५. वेळापत्रक उलट्या बाजूने मांडा

आपण स्वतःच्या वेगाचा अंदाज फार चुकीचा करतो. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रॉजर ब्यूलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं, किती दिवसांत संपेल? सरासरी अंदाज ३४ दिवसांच्या आसपास होता. मग विचारलं, सगळंच बिघडलं तर? सरासरी उत्तर सुमारे ४९ दिवस. प्रत्यक्षात सरासरी ५५ दिवसांहून जास्त लागले. थोडक्यात, त्यांनी कल्पिलेल्या वाईटात वाईट परिस्थितीपेक्षाही वास्तव मागे होतं. आणि ही एकट्याने करायची कामं होती.

त्यामुळे तारखा शेवटाकडून मागे मांडत या. सहा आठवडे असतील तर मी असं करतो. सहाव्या आठवड्यात नवं काहीही लिहायचं नाही, फक्त वाचन, दुरुस्ती आणि सादरीकरणाची तयारी. पाचव्या आठवड्यात सगळं एका हाताखालून जाणार. चौथ्याच्या अखेरीस सगळ्यांचे कच्चे मसुदे तयार. तिसऱ्याच्या अखेरीस माहिती गोळा करणं बंद. पहिल्या दोनांत वाचन, प्रश्न ठरवणं, आराखडा. हे कागदावर मांडलं की पहिल्याच दिवशी कळतं की वेळ कमी आहे. पहिल्या दिवशी कळलं तर विषय आटोपशीर करता येतो. नंतरची धावपळ म्हणजे वरातीमागून घोडं.

मधल्या दिवसावर कॅलेंडरमध्ये मोठी खूण करा. कॉनी गर्सिक यांनी १९८८ साली आठ गटांच्या बैठका सुरुवातीपासून शेवटपर्यंत अभ्यासल्या. कुणाचं काम आठवड्याभराचं होतं, कुणाचं सहा महिन्यांचं. तरीही पहिल्या भेटीत पडलेली वाट प्रत्येक गट जवळजवळ अर्धा काळ तशीच चालत राहिला आणि बरोबर मध्यावर जागा होऊन त्याने दिशा बदलली. मला यातून दोन गोष्टी घ्याव्याशा वाटतात. पहिली भेट वाटते त्यापेक्षा जास्त ठरवून जाते, म्हणून ती कँटीनमधल्या गप्पांत उरकू नका. आणि मध्यावरची जाग आपोआप येणारच असेल, तर तिच्यासाठी आधीच दोन तास राखून ठेवा. त्या बैठकीत एकच प्रश्न: आत्तापर्यंत जे झालंय ते बघता, काय सोडून द्यायचं?

६. बैठका थोड्या, पण हात रिकामे ठेवून येऊ नका

आठवड्यातून एक बैठक पुरे, पाऊण तासाची. येताना प्रत्येकाने काहीतरी लिहून आणायचं, दोन ओळी का असेनात. याला कारण आहे. १९८५ साली गॅरॉल्ड स्टॅसर आणि विल्यम टायटस यांनी चार-चार विद्यार्थ्यांचे गट करून एका पदासाठी उमेदवार निवडायला सांगितलं. काही माहिती चौघांनाही दिली होती, काही मात्र एकेकट्यालाच. सगळी माहिती एकत्र केली असती तर उत्तम उमेदवार कळला असता. पण गट चर्चेत त्याच गोष्टी घोळत राहिले ज्या सगळ्यांना आधीच माहीत होत्या, आणि बऱ्याचदा चुकीचा माणूस निवडून बसले. आपल्या बैठकांतही हेच चालतं. सगळ्यांनी वाचलेल्या एकाच लेखावर अर्धा तास चर्चा होते आणि एकीने एकटीने वाचलेला महत्त्वाचा लेख तिच्या वहीतच राहतो.

उपाय साधा आहे. बैठक सुरू होताना पाच मिनिटं गप्प बसून प्रत्येकाने 'मला माहीत आहे पण बाकीच्यांना बहुधा नाही' असं काय आहे ते लिहायचं. मग एकेकाने वाचून दाखवायचं. कमी बोलणाऱ्यापासून सुरुवात करा. सगळ्यात जास्त बोलणाऱ्याने (बहुतेक वेळा तो मीच असायचो) शेवटी बोलायचं.

बैठक संपताना तीन ओळी लिहा: काय ठरलं, कोण काय करणार, कधीपर्यंत. मोठा वृत्तांत कुणी वाचत नाही.

७. लिहिणं: गोधडी नको

अनेक हातांचं लिखाण ओळखायला वेळ लागत नाही. एका पानावर 'सर्वेक्षण', पुढच्यावर 'सर्व्हे', तिसऱ्यावर 'पाहणी'. एक जण 'आम्ही केले' म्हणतो, दुसरा 'करण्यात आले'. प्रत्येक भाग 'आजच्या आधुनिक युगात' असा नव्याने सुरू होतो. वाचणाऱ्याला ती ठिगळं लावलेली गोधडी वाटते.

म्हणून लिहायला बसण्याआधी दोन कागद तयार करा. पहिला सांगाडा. शीर्षकांची नुसती यादी नाही. प्रत्येक परिच्छेद काय म्हणणार ते एका पूर्ण वाक्यात. 'निरीक्षणं' हे शीर्षक झालं. 'पावसाळ्यानंतर घेतलेल्या नमुन्यांत गढूळपणा जास्त आढळला' हे वाक्य झालं. अशी वीस-पंचवीस वाक्यं एकाखाली एक वाचली तर प्रकल्प काय सांगतोय हे एका पानात दिसतं. खड्डेही दिसतात. सांगाड्यावर दोन तास भांडा, हवं तर तीन. एक वाक्य बदलायला अर्धं मिनिट लागतं, लिहून झालेली चार पानं बदलायला अख्खी संध्याकाळ जाते, आणि लेखकाचा जीवही तुटतो.

दुसरा कागद शब्दांचा. कोणती संज्ञा वापरायची, इंग्रजी शब्द देवनागरीत कसे लिहायचे, आकडे कुठे अंकांत आणि कुठे अक्षरांत, काळ कोणता, 'आम्ही' चालेल का, आकृत्यांना क्रमांक कसे. अर्ध्या पानात मावतं.

मग प्रत्यक्ष लेखन. याचे ढोबळ तीन मार्ग आहेत. एकाने सगळं लिहायचं आणि बाकीच्यांनी मजकूर, आकडे, सूचना पुरवायच्या: आवाज एक राहतो, पण लिहिणारा दमतो. एकामागून एक लिहायचं: धागा टिकतो, पण पहिला अडला की सगळे अडतात. किंवा सगळ्यांनी एकाच वेळी आपापले भाग लिहायचे: वेळ वाचतो, सांधे उघडे पडतात. छोट्या अहवालाला पहिला मार्ग उत्तम. मोठ्या प्रकल्पात तिसरा टाळता येत नाही, पण त्यानंतर एका माणसाने सुरुवातीपासून शेवटपर्यंत सगळं पुन्हा लिहायला हवं. पुन्हा लिहायला, नुसतं तपासायला नव्हे. तो अधिकार त्याला आधीच द्या, नाहीतर प्रत्येक बदललेल्या वाक्याची परवानगी मागत तो फिरत राहील.

फाइल एकच ठेवा, ऑनलाइन, सगळ्यांना उघडता येईल अशी. मेलवरून फाइली फिरवू नका. गुगल डॉक्ससारख्या साधनात कुणी केव्हा काय बदललं याचा इतिहास राहतो. त्यामुळे जुनं परत आणता येतं आणि कुणी किती लिहिलं हेही दिसतं. दुसऱ्याच्या भागात बदल करायचा तर 'सजेस्टिंग' चालू करून करा, म्हणजे मूळ वाक्य पुसलं जात नाही. शेरे लिहिताना 'हे नीट नाही' असं लिहिणं म्हणजे काहीच न लिहिणं. 'या परिच्छेदात कारण येतं, पण परिणाम कुठे आहे ते मला सापडलं नाही' असं लिहा. शेरा मिळालेल्याने सफाई देत बसू नये. तुमच्या गटातल्या माणसाला समजलं नसेल तर परीक्षकाला समजणार नाही, आणि त्याला समजावून सांगायला तुम्ही पानाशेजारी उभे नसाल.

एकत्र लिहिण्यात सगळ्यात कडक शिस्त मला फ्रान्समधल्या काही गणितज्ञांची वाटते. १९३४ साली ही तरुण मंडळी एकत्र आली आणि निकोला बुर्बाकी या काल्पनिक नावाने पुस्तकं लिहू लागली. एकाने मसुदा लिहायचा, तो सगळ्यांसमोर ओळ न् ओळ मोठ्याने वाचला जायचा आणि त्याच्या चिंधड्या उडवल्या जायच्या. मग तो पुन्हा लिहायला बऱ्याचदा दुसऱ्याच कुणाकडे जायचा. असं कितीतरी वेळा. सगळ्यांचं एकमत झाल्याशिवाय छापायचं नाही. तुम्हाला इतका वेळ नाही, आणि तसं भांडायची गरजही नाही. पण त्यातल्या दोन गोष्टी जशाच्या तशा उचला. मसुदा मोठ्याने वाचा: डोळ्याला न दिसलेली ठेच कानाला कळते. आणि दुसरा मसुदा पहिल्या लेखकाकडे देऊ नका. आपलं वाक्य कापायला आपला हात धजत नाही, दुसऱ्याचा सहज धजतो.

सांधे तपासायची माझी एक पद्धत आहे. प्रत्येक भागाचा शेवटचा परिच्छेद आणि पुढच्या भागाचा पहिला परिच्छेद, एवढेच सलग वाचायचे. जिथे दचकायला होतं तिथे काम बाकी आहे. मग अहवालातले सगळे आकडे एका कागदावर उतरवायचे, पान क्रमांकासह. एकच गोष्ट दोन आकड्यांत आली असेल तर ती इथे पकडली जाते. हे आता मी न चुकता करतो, का ते वेगळं सांगायला नको.

संदर्भ पहिल्या दिवसापासून नोंदवा. शेवटी गोळा करू म्हणणाऱ्याला अर्धे सापडत नाहीत. कुणी एआयकडून मजकूर लिहून घेत असेल तर आधी तुमच्याकडे त्याची परवानगी आहे का ते बघा, आणि असेल तर वापर उघडपणे नोंदवा. अशी साधनं अस्तित्वातच नसलेले लेख संदर्भ म्हणून बेधडक देतात. त्यामुळे नियम करा: यादीतला प्रत्येक संदर्भ गटातल्या कुणीतरी स्वतः उघडून वाचलेला हवा, आणि त्याचं नाव शेजारी हवं. एकाने चोरलेल्या परिच्छेदाची शिक्षा सहसा सगळ्या गटाला भोगावी लागते.

८. कुणी काम करत नसेल तर

आधी स्वतःचा हिशेब जरा कमी धरा. मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली यांनी १९७९ साली नवरा-बायकोंना वेगवेगळं विचारलं होतं, घरातल्या कोणत्या कामात तुमचा वाटा किती? दोघांच्या उत्तरांची बेरीज बहुतेक वेळा शंभर टक्क्यांच्या वर गेली. आपण केलेलं आपल्याला आठवतं, दुसऱ्याने केलेलं आपण पाहिलेलंच नसतं. गटातही 'सगळं मीच केलं' असं म्हणणारे एकाहून जास्त निघतात.

तरीही काम खरंच होत नसेल तर एकाने खाजगीत बोलावं, ग्रुपवर नाही. ताकाला जाऊन भांडं लपवू नका, पण आरोपही करू नका. उदाहरणार्थ: "तुझा भाग गुरुवारी यायचा होता, अजून आला नाही. काही अडचण आहे का? शनिवारपर्यंत फक्त पहिली दोन पानं देशील का?" बऱ्याचदा कारण वेगळंच निघतं. घरी आजारपण असतं, किंवा काम कसं करायचं तेच कळलेलं नसतं आणि विचारायची लाज वाटत असते. काम लहान करा, तारीख जवळची द्या. तेही झालं नाही तर लेखी आठवण, आणि मग सर किंवा मॅडम. ही शेवटची पायरी मध्याच्या आसपास चढा. सबमिशन झाल्यावर केलेल्या तक्रारीचं त्यांनी करावं तरी काय?

याच्या उलट दुखणंही असतं, त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. एखादा हुशार मेंबर सगळं स्वतःच करतो, दुसऱ्याचे भाग रात्रीतून बदलून टाकतो, आणि मग दमून म्हणतो की कुणी मदत करत नाही. हळूहळू बाकीचे खरंच थांबतात, कारण लिहिलेलं पुसलंच जाणार असेल तर लिहायचं कशाला? तो मेंबर तुम्हीच असाल तर सजेस्टिंग चालू ठेवा आणि रात्री अकरानंतर फाइल उघडू नका.

९. शेवटचा आठवडा

सादरीकरणाचा सराव दोनदा करा, घड्याळ लावून. पहिल्यांदा ठरल्याप्रमाणे. दुसऱ्यांदा भाग अदलाबदल करून: निष्कर्षवाल्याने पद्धत सांगायची, पद्धतवालीने आकडे. जिथे तोंड बंद पडेल तिथे तोंडी परीक्षेत प्रश्न येणार असं समजा. एका स्लाइडवरून दुसऱ्याकडे बोलणं सोपवताना काय म्हणायचं ते ठरवून ठेवा. नाहीतर 'आता पुढचं हा सांगेल' एवढंच होतं आणि धागा तुटतो.

अहवालाच्या शेवटी कुणी काय केलं याची चार ओळींची नोंद द्या, मागितली नसली तरी. संशोधनाच्या जगात यासाठी 'क्रेडिट' नावाची १४ भूमिकांची यादी वापरतात: कल्पना, पद्धत, माहितीचं विश्लेषण, पहिला मसुदा, तपासणी आणि संपादन अशा. तुम्हाला त्यातल्या पाच-सहा पुरतील. ही नोंद सगळ्यांनी मिळून, फाइलचा इतिहास समोर उघडून लिहा. जोडारीचं नाव विसरू नका; त्याने लिहिलेलं पान कुठेच दिसत नाही.

फाइल पीडीएफ करा, मुदतीच्या आदल्या दिवशी. सबमिट एकाने करायचं आणि लगेच दुसऱ्याने, स्वतःच्या मोबाइलवर, चढवलेली फाइल उघडून पहिलं, मधलं आणि शेवटचं पान बघायचं. आमच्या एका गटाने शब्दांच्या यादीचाच अर्धा पान कागद अहवाल म्हणून चढवला होता. मुदत संपायला वीस मिनिटं उरली असताना तो मोबाइलवर दिसला, म्हणून निभावलं.